काळ्या दगडातून पातेल्यात

काळ्या दगडात खोदलेल्या विहिरीचं पाणी रोज उकळलं, की पातेल्याच्या बुडाशी पांढुरकं पुट चढतं. खरवडलं तर भुकटी निघते, लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. त्यात कॅल्शियमच जास्त. पण मला त्याच्या जोडीदाराची, मॅग्नेशियमची गोष्ट अधिक मोलाची वाटते.

मॅग्नेशियमच्या अणूत 12 इलेक्ट्रॉन असतात. बाहेरचे दोन गेले की निऑनसारखी 10 इलेक्ट्रॉनांची स्थिर रचना उरते आणि अणूवर दोन धनभार येतात. हाच मॅग्नेशियमचा आयन. शाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना डोळे दिपतात ना, तेव्हा हेच दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जात असतात. विहिरीत आयन असा नव्याने तयार होत नाही. विहिरीचा काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट; त्यातल्या पायरॉक्सिन, ऑलिव्हिन या खनिजांत मॅग्नेशियम आधीपासूनच आयन होऊन अडकलेलं आहे. पाणी त्याला फक्त सोडवतं.

मातीतून झिरपताना पावसाचं पाणी मुळांनी आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्ल होतं. त्या आम्लातला हायड्रोजन खनिजात शिरतो, मॅग्नेशियम बाहेर पडतं आणि पाण्यात बायकार्बोनेट हा एका ऋणभाराचा आयन उरतो. एका मॅग्नेशियममागे दोन बायकार्बोनेट, असा हिशेब जुळतो.

मॅग्नेशियम बायकार्बोनेटची पूड मात्र कुठल्याच दुकानात मिळणार नाही. ही जोडी पाण्यातच नांदते. मॅग्नेशियमचा आयन लहान, म्हणून सहा पाण्याचे रेणू त्याला घट्ट बिलगलेले असतात. उकळताना बायकार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कार्बोनेट तयार होतं. थोराड कॅल्शियम त्याच्याशी चटकन जुळून बुडाशी बसतं. पाण्याने वेढलेलं मॅग्नेशियम रेंगाळतं. खूप वेळ उकळलं तर ते बहुतेक हायड्रॉक्साइड होऊन बसतं. आम्लपित्तावर घेतात त्या मिल्क ऑफ मॅग्नेशियातलं औषधही हेच.

अशा जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना चिकटवून धरणाऱ्या पदार्थाला, बांधून ठेवतात. मग घरोघरी चिमूटभर खायचा सोडा टाकतात. त्यातही बायकार्बोनेटच असतं, जोडीला फक्त मॅग्नेशियमऐवजी सोडियम. सोडियम पेक्टिनला तसं बांधत नाही, आणि सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की पेक्टिन सुटू लागतं, डाळ मऊ होते.