मान कुठे आहे, हे मानेला कळते कसे?

मागून धडकलेल्या गाडीमुळे मानेला हिसका बसलेल्या माणसाला हमखास ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे, "एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे तुम्हाला काहीही झालेले नाही." या वाक्याचा पूर्वार्ध बहुतेक वेळा खरा असतो, उत्तरार्ध मात्र त्यातून निघत नाही. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, आणि व्हिपलॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुखापतीत हाड बहुधा शाबूतच असते.

धडक बसली की आसनाबरोबर धड पुढे ढकलले जाते आणि साधारण साडेचार-पाच किलो वजनाचे डोके जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहते. त्यामुळे पहिल्या सुमारे 100 मिलिसेकंदांतच मानेचा खालचा भाग मागे आणि वरचा भाग पुढे वाकून तिला इंग्रजी 'एस' अक्षरासारखा आकार येतो. स्नायूंना आवळून मान सावरण्याइतका वेळच मिळत नाही, आणि मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे फॅसेट सांधे एकमेकांवर दाबले जातात.

फिजिओथेरपिस्टचे पहिले काम मात्र उपचाराचे नसून गंभीर इजा वगळण्याचे असते. यासाठी 2001 साली प्रसिद्ध झालेला 'कॅनेडियन सी-स्पाइन' (सी-स्पाइन म्हणजे मानेचे मणके) नियम वापरला जातो. रुग्ण पूर्ण शुद्धीत असताना त्याचे वय 65 किंवा अधिक असेल, अपघात धोकादायक प्रकारचा असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर आधी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करावा लागतो. असे काही नसेल आणि मान हलवून पाहणे सुरक्षित वाटत असेल, तर ती दोन्ही बाजूंना 45 अंश वळते का हे पाहतात. त्यानंतर व्हिपलॅशची तीव्रता ठरवणाऱ्या क्वेबेक वर्गीकरणानुसार दुखापतीची प्रत ठरते: मान फक्त दुखते आहे, तिची हालचालही कमी झाली आहे, की मज्जातंतूंवर परिणाम झाल्याने हाताची ताकद, संवेदना किंवा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) मंदावले आहेत.

यापुढची तपासणी मला सर्वांत विलक्षण वाटते. डोळे मिटूनही आपले डोके डावीकडे वळले आहे की सरळ आहे, हे आपल्याला अचूक कळते. ही माहिती पुरवणारी सूक्ष्म संवेदके, ज्यांना मसल स्पिंडल म्हणतात, स्नायूंच्या तंतूंमध्येच दडलेली असतात आणि स्नायू किती व किती वेगाने ताणला गेला हे मेंदूला सतत कळवत राहतात. कवटीच्या तळाशी असलेल्या इवल्याशा स्नायूंमध्ये त्यांची दाटी असाधारण असते, कारण त्यांच्या संदेशांची सांगड आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेशी आणि डोळ्यांच्या हालचालींशी घातली जाते. दुखापतीनंतर वेदनेमुळे हे संदेश बिघडले, तर मान एक सांगते, कान दुसरे आणि डोळे तिसरेच. काही रुग्णांना येणारी भोवळ, अस्थिरपणा आणि वाचताना होणारा त्रास यांचे एक कारण या विसंवादात सापडते.

हा बिघाड चक्क मोजता येतो. रुग्णाच्या डोक्यावर लेझरचा छोटा दिवा बांधून त्याला भिंतीपासून 90 सेंटिमीटर अंतरावर बसवतात आणि सरळ पाहत असताना प्रकाशाचा ठिपका जिथे पडतो तिथे खूण करतात. मग डोळे मिटून मान वळवायची आणि पुन्हा सरळ आणायची. ठिपका मूळ खुणेपासून सरासरी सात सेंटिमीटरहून अधिक ढळला, म्हणजे साधारण साडेचार अंशांची चूक झाली, तर मानेची स्थितीची जाण बिघडली आहे असे मानतात. उपचारही याच दिव्याने होतो: डोळे मिटून खुणेवर परतण्याचा आणि नजर एका बिंदूवर स्थिर ठेवून डोके वळवण्याचा सराव.

मानेच्या पुढच्या बाजूचे, मणक्यांना लगटून असलेले खोल स्नायूही सुस्तावतात. उताण्या झोपलेल्या रुग्णाच्या मानेखाली हवेची पिशवी ठेवून तिच्यात पाऱ्याच्या 20 मिलिमीटरइतका दाब भरतात आणि हलकेच होकारार्थी मान हलवून तो दोन-दोनने 30 पर्यंत नेण्यास सांगतात. हे करताना गळ्याचे वरवरचे जाड स्नायू फुगून आले, तर ते खोल स्नायूंचे काम ओढून नेत आहेत असे समजावे.

साध्या दुखापतीत आठवडेच्या आठवडे पट्टा बांधून मान गप्प ठेवण्याचा सल्ला आता मागे पडला आहे; सोसवेल तितकी हालचाल लवकर सुरू करणे हिताचे ठरते. एका झटक्यात 'सरकलेला मणका जागेवर बसवून' देणाऱ्यांपासून, विशेषतः तपासणीआधी, चार हात लांब राहावे, कारण तिथे मुळात काही सरकलेले नसते आणि झटक्याने नवी इजा होऊ शकते.

मात्र व्यायामाचाही गवगवा नको. 2014 साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, जुनाट व्हिपलॅशच्या रुग्णांना देखरेखीखाली दिलेली व्यायामाची 20 सत्रे आणि अर्ध्या तासाचा एकच सल्ला यांमुळे वेदनेत पडलेला फरक जवळपास सारखाच निघाला. माझ्यासारख्या लेझरच्या दिव्यावर लुब्ध झालेल्याला हा निकाल बोचतो. काही रुग्णांमध्ये वेदनेची यंत्रणाच अतिसंवेदनशील झालेली असते. मानेला साधा थंड स्पर्शही त्यांना दुखतो आणि त्यांची सुधारणा मंद असते. अशा रुग्णांचा व्यायाम फार हळूहळू वाढवावा लागतो, म्हणून थंड स्पर्शाची ही साधी परीक्षा लेझरच्याही आधी करावी, असे मला वाटते.