पट्ट्यांचा झेब्रा, ठिपक्यांचा झेब्रा: एका फसलेल्या ओळखीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात शाहूपुरीकडच्या एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात परवा एकाच टाकीत तीन तऱ्हेचे मासे दिसले. निळ्या पट्ट्यांचे, बारीक ठिपक्यांचे आणि फिकट सोनेरी. "तिन्ही जाती वेगळ्या हायत, काका," दुकानातला पोरगा म्हणाला. त्याला काय बोलणार? ठिपक्यांच्या बाबतीत मोठमोठे जाणकारही असेच फसले होते.

पट्ट्यांचा झेब्रा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. ओढे, डबकी, भातखाचरं हे त्याचं घर. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना त्याची नोंद केली. ठिपकेवाला मात्र १९६३ मध्ये माइनकेन या जर्मन अभ्यासकाने स्वतंत्र जात म्हणून जाहीर केला. पंचाईत अशी, की हा मासा नदीत काही सापडेना. दिसायचा तो शौकिनांच्या टाकीत. त्यात झेब्राशी त्याची जोडी बिनबोभाट जमायची आणि पिल्लांनाही पुढे पिल्लं व्हायची. म्हणजे दोघं एकाच जातीचे. शेवटी ती 'जात' मोडीत निघाली. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी ठिपक्यांमागचं जनुक दाखवून दिलं. कातडीतल्या शेजारी-शेजारी पेशींना जोडणारं एक प्रथिन त्यात बिघडलेलं असतं. मग काळ्या आणि पिवळ्या पेशी रांगेत बसत नाहीत, पट्टा तुटतो आणि ठिपके पडतात.

सोनेरी झेब्राची गोष्ट याहून रंजक आहे. काळ्या पेशी त्याच्यातही असतात, फक्त त्यांतले रंगकण कमी, लहान आणि फिके. २००५ मध्ये यामागचं जनुक सापडलं, आणि त्याच जनुकातला एक फरक माणसाच्या कातडीच्या उजळपणाशीही जोडलेला निघाला. 'गोरी, सडपातळ' छापाच्या लग्नाच्या जाहिराती वाचताना मला हा मासा हटकून आठवतो.

भडक लाल किंवा हिरवा चमकणारा झेब्रा मात्र आपोआप झालेला नव्हे. सिंगापूरच्या प्रयोगशाळेत हिरव्यासाठी जेलीफिशचं आणि लालसाठी प्रवाळासारख्या समुद्री जिवाचं जनुक घालून तो तयार झाला. पाण्यातलं प्रदूषण ओळखता यावं हा त्यामागचा हेतू होता. प्रदूषण राहिलं बाजूला, २००३ च्या अखेरीस अमेरिकेत असे मासे शोभेसाठी विकायला आले. हा रंग पिल्लांतही उतरतो.

निव्वळ फसवणूक म्हणजे रंग टोचलेला काचमासा. तोही आपल्या नद्यांमधलाच, इतका पारदर्शक की आतला काटा मोजता येतो. सुईने पाठीच्या आणि पोटाच्या कडेला गुलाबी, पिवळा रंग भरला जातो. नीट पाहिलं तर दोन्ही अंगांच्या रेघा सारख्या नसतात, आणि काही महिन्यांत रंग उडून जातो. बरेच मासे तेवढेही जगत नाहीत. असा मासा घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत.

मी त्या दिवशी दोन ठिपकेवाले आणि दोन पट्टेवाले घेऊन आलो. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पण सुरुवातीला पिल्लं म्हणजे डोळे फुटलेले दोरे. अंगावर पट्टा उमटतोय की ठिपका, हे कळायला काही आठवडे जातील. पोराला तेव्हा बोलावणार आहे.