ध्रुवित फ्लुओरेसन्स, द्रवस्फटिक आणि छेदातला ‘दोन’

कोलेस्टेरिल बेंझोएट १४५ अंशांना वितळून गढूळ होतं आणि १७९ च्या आसपास एकदम निवळतं, हे १८८८ साली दिसलं. तो गढूळ टप्पा म्हणजे द्रवस्फटिक: वाहतो द्रवासारखा, पण रेणू स्फटिकासारखे शिस्तीत. १९२० साली द्रावणातल्या रंगद्रव्याचा फ्लुओरेसन्स (प्रकाश गिळून परत सोडलेली चमक) ध्रुवित, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असू शकतो हे कळलं, आणि १९२६ साली त्याचं गणित बसलं: उत्तेजित रेणू चमकण्याआधी जितका फिरेल तितकं ध्रुवण पुसलं जातं. (‘ध्रुवीकरण’ म्हटलं की हल्ली निवडणूकच आठवते, म्हणून इथे ‘ध्रुवण’.)

दोन्ही धागे नीट गुंफले गेले ते १९७० च्या दशकात. नेमॅटिकमध्ये (लांबट रेणू साधारण एकाच दिशेत असलेल्या द्रवस्फटिकात) चिमूटभर रंगद्रव्य विरघळवायचं, ते यजमान रेणूंच्या रांगेत उभं राहतं, मग त्याची चमक मोजायची. शोषण मोजून रेणूंच्या शिस्तीचा फक्त दुसऱ्या क्रमाचा ऑर्डर पॅरामीटर (शिस्त किती पक्की याचा आकडा) मिळतो. फ्लुओरेसन्समध्ये रेणू एकदा प्रकाश गिळतो आणि एकदा सोडतो, दिशेची दोनदा चाचणी होते. म्हणून चौथ्या क्रमाचाही मिळतो. पद्धतीचं खरं मोल इथे आहे.

घोळ झाला तो आकडा कसा सांगायचा यावरून. जुना आकडा ‘पी’: उत्तेजक प्रकाशाच्या ध्रुवणाला समांतर आणि लंब अशा चमकेच्या तीव्रतांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज. नंतर ‘आर’ म्हणजे अ‍ॅनायसोट्रॉपी (दिशेनुसार पडणारा फरक) आली. अंश तोच, पण छेदात लंब तीव्रता दुप्पट. कारण साधं आहे: उत्तेजक प्रकाशाच्या ध्रुवणाला लंब अशा दिशा दोन, म्हणून हा छेद एकूण चमक दाखवतो. मिश्रणातल्या घटकांचे ‘आर’ वाट्यानुसार सरळ मिळवता येतात, ‘पी’ येत नाहीत. द्रावणांपुरता हा वाद ‘आर’नेच जिंकायला हवा होता.

पण तो ‘दोन’ दोन्ही लंब दिशा सारख्या आहेत असं गृहीत धरतो. द्रवस्फटिकात हे खरं ठरतं ते डायरेक्टर (रेणूंची सरासरी दिशा) उत्तेजक ध्रुवणाला समांतर असेल तेव्हा. तो आडवा असला की तिन्ही अक्षांवर तीव्रता वेगळी, आणि छेद एकूण चमक दाखवतच नाही. तरीही सवयीने तेच सूत्र वापरलं जातं. दुसरी गंमत कमाल मर्यादेची. अव्यवस्थित द्रावणात ‘आर’ ०.४ च्या वर जात नाही (‘पी’ ०.५ च्या). रांगेत उभ्या रेणूंना ही अट लागू नाही, तिथे तो एकपर्यंत चढू शकतो. ०.६ दिसलं की नवखा माणूस यंत्रच तपासायला घेतो. माझ्या मते द्रवस्फटिकासाठी ‘आर’ छापूच नये, गिळताना आणि सोडताना समांतर-लंब अशा जोड्यांच्या चारही तीव्रता तशाच द्याव्यात.

२००१ साली अमेरिकेतल्या ओहायोमधून या पद्धतीचं कॉन्फोकल रूप आलं, म्हणजे एका वेळी एकाच खोलीवरचा प्रकाश टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचं. साधारण ०.०१ टक्का रंगद्रव्य, आणि चमक डायरेक्टर व प्रकाशाचं ध्रुवण यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने बदलणारी. त्यामुळे डायरेक्टरचं त्रिमितीय चित्र थर-थर काढता येऊ लागलं. द्विअपवर्तन (ध्रुवणाच्या दिशेनुसार अपवर्तनांक बदलणं) जास्त असेल तर खोलवरचं चित्र बिघडतं, आणि रेणू डावीकडे कललाय की उजवीकडे हे एका प्रतिमेवरून कळत नाही. देखण्या चित्रांखाली ही अट क्वचितच लिहिलेली असते. पुढे तीन फोटॉनांच्या उत्तेजनाने द्रवस्फटिकाचे रेणू स्वतःच चमकवता आले, घात सहावर गेला. मोजलेली शिस्त पाहुण्या रंगद्रव्याची की यजमान द्रवस्फटिकाची, हा जुना प्रश्न तिथे उरतच नाही.