१२७ अंश दिसलं म्हणजे मदरबोर्ड गेला असं नाही

लिनक्सवर तापमान दाखवणारी 'सेन्सर्स' कमांड मारली अन् १२७ अंश दिसलं तर बोर्ड जळतोय, लगेच बदला, असा मेसेज कधीचा फिरतोय. नागपुरात मे महिन्यात बाहेरच ४५ असतं, भीती वाटणारच. पण थांबा भाऊ, बोर्डावरच्या मॉनिटरिंग चिपला टेम्परेचरचे बरेच इनपुट असतात, अन् बोर्ड बनवणारे प्रत्येकाला सेन्सर जोडतातच असं नाही. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) एनसीटी६७७५ सारखा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलणारा प्रोग्राम, चिपच्या रजिस्टरमधला (आकडा साठवायच्या कप्प्यातला) आकडा वाचून देतो, त्या पिनवर खरंच काही जोडलंय का हे त्याला बहुतेकदा कळत नाही, मग मोकळ्या इनपुटवर काहीही येतं, कधी उणे ६० पण. अन् १२७च का, तर ८ बिटच्या चिन्हासहित (अधिक-उणे दोन्ही दाखवणाऱ्या) आकड्याची कमाल तेवढीच.

तपासायचं कसं? दहा मिनिटं व्हिडिओ कन्व्हर्टला लावा अन् 'सेन्सर्स'मधली ती १२७ वाली ओळ बघत राहा. खरा सेन्सर हळूहळू चढतो, काम थांबलं की उतरतो. माझ्याकडे पीसी एअर कूलरसमोर ठेवला तरी 'ऑक्सटिन' नावाच्या जादा इनपुटच्या ओळीत १२७ चे १२६ झाले नाहीत. मग कोअरटेम्प (इंटेलवर) किंवा के१०टेम्पची (एएमडीवर) ओळ बघा, तो प्रोसेसरचा स्वतःचा सेन्सर. तीच ओळ काही काम नसताना ८०-९० दाखवत असेल तर मात्र आधी फॅनमधली धूळ काढा.