ओढीची लाट : जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडरमागचे विज्ञान

एमजीबी ही इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार. तिचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका बाजूस दोन एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारी उपकरणे) दिसतात आणि त्यांच्या खालीच, जवळजवळ त्यांना खेटून, बिडाचा जाडजूड एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला जळका वायू गोळा करून मागच्या नळीत सोडणारा भाग, बसवलेला असतो. हा मॅनिफोल्ड काढून त्या जागी बाहेरच्या उत्पादकाने बनवलेला पोलादी नळ्यांचा हेडर बसवणे, हा अशा गाड्या जिवापाड जपणाऱ्यांचा फार जुना उद्योग आहे. त्यामागची सर्वसाधारण समजूत अशी, की जुना मॅनिफोल्ड जळक्या वायूची वाट अडवतो, हेडर ती मोकळी करतो आणि वाट मोकळी झाली की इंजिनाची ताकद वाढते. ही समजूत खोटी नाही, पण अपुरी आहे. चांगला हेडर वायूला नुसती वाट देत नाही, तर ठरावीक क्षणी त्याला सिलिंडरमधून ओढून घेतो. ही ओढ कशी निर्माण होते हे एकदा समजले, की हेडरच्या नळ्या इतक्या लांब का असतात, तो बसवताना गॅस्केटची (सांध्यात फट राहू नये म्हणून घालायच्या पट्टीची) इतकी काळजी का घ्यावी लागते आणि बसवल्यावर कार्ब्युरेटर पुन्हा का जुळवून घ्यावा लागतो, या सगळ्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात.

एमजीबीचे इंजिन १,७९८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे आणि फोर-स्ट्रोक पद्धतीचे आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच स्फोट होतो. स्फोटाने खाली ढकलला गेलेला पिस्टन तळाला पोहोचण्याच्या सुमारे ५० अंश आधीच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडू लागतो. त्या वेळी सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे पिस्टनने वर ढकलण्याची वाट न पाहता बराचसा वायू स्वतःच्या दाबानेच बाहेर उसळतो. या उसळीचे नळीत दोन परिणाम होतात आणि ते वेगवेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिला म्हणजे प्रत्यक्ष वायूचा प्रवाह. दुसरा म्हणजे त्या धक्क्याने निर्माण झालेली दाबाची लाट, जी प्रवाहाच्या कितीतरी पुढे धावत जाते. ती ध्वनीच्या वेगाने जाते आणि हा वेग नेहमीच्या हवेतला नसून तापलेल्या वायूतला असतो. साध्या तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर ६०० अंश सेल्सिअसच्या एक्झॉस्ट वायूत तो जवळजवळ ५८० मीटर जातो.

आता ही लाट नळीच्या अशा ठिकाणी पोहोचते जिथे नळी संपते किंवा एकदम रुंद होते. हेडरमध्ये हे ठिकाण म्हणजे नळ्या एकत्र येतात तो सांधा, ज्याला कलेक्टर म्हणतात. बंद भिंतीवर आदळलेली दाबाची लाट दाबाची लाट म्हणूनच परत येते, पण उघड्या टोकावर नेमके उलट घडते. तिथे वायूला अचानक पसरायला जागा मिळते, तो जडत्वामुळे जरा जास्तच पसरतो आणि मागे कमी दाबाची पोकळी राहते. ही पोकळी लाट होऊन उलट दिशेने, व्हॉल्व्हकडे, धावत सुटते. बासरीत स्वर उभा राहतो तोही उघड्या भोकापासून अशाच उलटून परतणाऱ्या लाटांमुळे. या परतणाऱ्या कमी दाबाच्या लाटेला या लेखापुरते मी ओढीची लाट म्हणेन.

तिचा उपयोग एका अगदी छोट्या मुदतीत होतो. पिस्टन वरच्या टोकाशी येतो तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पूर्ण मिटलेला नसतो आणि इनलेट व्हॉल्व्ह उघडू लागलेला असतो. एमजीबीच्या मूळ कॅमशाफ्टमध्ये (व्हॉल्व्हची उघडमीट करणाऱ्या दांड्यामध्ये) दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा हा काळ तीस-चाळीस अंशांचाच आहे. वरच्या पोकळीत या वेळी जो जळका वायू उरलेला असतो, त्याला बाहेर ढकलणे पिस्टनला शक्य नसते, कारण तो तिथवर पोहोचतच नाही. ओढीची लाट नेमकी तेव्हा व्हॉल्व्हपाशी आली, तर ती हा उरलेला वायू खेचून घेते आणि त्याच्या पाठोपाठ कार्ब्युरेटरकडील ताजे मिश्रण आत येऊ लागते. म्हणजे पिस्टन खाली जायला लागण्यापूर्वीच सिलिंडर भरू लागलेला असतो.

लाट वेळेवर पोहोचावी हे नळीच्या लांबीवर ठरते. व्हॉल्व्हपासून शेवटच्या सांध्यापर्यंत १.२ मीटर अंतर आहे असे धरू. जाऊन-येऊन २.४ मीटर, म्हणजे लाटेला सुमारे ४.१ मिलिसेकंद लागतात. हे इंजिन ९५ अश्वशक्तीची आपली कमाल ताकद मिनिटाला ५,४०० फेऱ्यांवर देते. त्या वेगाला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३२.४ अंश फिरतो, म्हणून लाट परतेपर्यंत तो सुमारे १३४ अंश फिरलेला असतो. दाबाचा कळस पिस्टन तळाशी असण्याच्या आसपास नळीत शिरतो असे मानले, आणि लाटेला स्वतःची बरीच रुंदी असते हे लक्षात घेतले, तर ओढ दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याच्या काळाला जाऊन भिडते. आता तेच इंजिन २,७०० फेऱ्यांवर चालवून पाहा. लाटेचा वेग फारसा बदलत नाही, पण क्रँकशाफ्ट निम्म्या गतीने फिरतो, त्यामुळे लाट ६७ अंशांवरच, म्हणजे फार लवकर, परत येते. इतकेच नव्हे, तर ती तिथून पुन्हा सांध्यापर्यंत जाऊन दुसऱ्यांदा येते तेव्हा तिची जात पुन्हा उलटलेली असते, आणि आपल्याला ओढ हवी असते त्या क्षणी व्हॉल्व्हपाशी धक्का येऊन पोहोचतो. जळका वायू उलट सिलिंडरमध्ये ढकलला जातो. हेडर बसवल्यावर वरच्या वेगात गाडी सुसाट वाटते, पण मधल्या वेगात एक खड्डा जाणवतो, अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुधा इथे असते.

इंजिनाला थोडा मागचा दाब (एक्झॉस्टच्या वाटेतील अडवणुकीचा दाब) लागतोच, हे वाक्य गॅरेजमध्ये इतक्या वेळा ऐकायला मिळते की ते नियमासारखे होऊन बसले आहे. माझ्या मते ते खऱ्या निरीक्षणावरून काढलेले चुकीचे अनुमान आहे. फार जाड नळ्यांचा हेडर बसवल्यावर खालच्या वेगात ताकद घटते हे निरीक्षण अचूक आहे. पण ती घटते ती मागचा दाब गेल्यामुळे नव्हे. तोच वायू जाड नळीत गेला की त्याची गती मंदावते आणि लाटही दुबळी होते, म्हणून ओढ कमी पडते. बारीक नळी उलट वरच्या वेगात खरोखरच अडवणूक करते. म्हणून साधी, रोजच्या रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर मी नेहमी बारीक व्यासाचा हेडर निवडण्याच्या बाजूने कौल देईन. शर्यतीच्या गाडीसाठी बनवलेला हेडर रस्त्यावरच्या गाडीला मानवत नाही, मग तो कितीही देखणा असो.

एमजीबीच्या बाबतीत एक गमतीदार अडचण आहे आणि तिच्यावरचा तोडगा तितकाच सुंदर आहे. सिलिंडर चार असले तरी हेडमधून (सिलिंडरांवरच्या जाड झाकणातून) एक्झॉस्टची तोंडे तीनच बाहेर पडतात, कारण मधल्या दोन सिलिंडरांचे, म्हणजे दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे, तोंड हेडच्या आतच जुळे केलेले आहे. ऐकताना ही काटकसर घातक वाटते, पण स्फोटांचा क्रम पाहिला की शंका फिटते. क्रम १-३-४-२ असा आहे, म्हणजे तिसऱ्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या स्फोटांत बरोबर ३६० अंशांचे अंतर पडते आणि दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरांतही तितकेच अंतर आहे. म्हणून या इंजिनाच्या नामांकित हेडरमध्ये बाहेरच्या दोन नळ्या आधी एकमेकींना मिळतात, मधली जुळी नळी एकटीच लांबवर नेली जाते आणि शेवटी दोन्ही प्रवाह एका नळीत येतात. चार स्वतंत्र तोंडांच्या इंजिनांत हीच रचना चार-दोन-एक या नावाने ओळखली जाते. चारही नळ्या एकाच ठिकाणी जोडणारी चार-एक रचना वरच्या वेगाच्या अरुंद टप्प्यात जास्त ताकद देते. चार-दोन-एकमध्ये दोन ठिकाणांहून लहानमोठ्या लाटा परततात आणि ओढ वेगाच्या रुंद पट्ट्यात वाटली जाते. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी : एमजीबीचा मूळ बिडाचा मॅनिफोल्डही वाईट नाही. त्याच्या वाटा बऱ्यापैकी गोलाईने वळवलेल्या आहेत. त्यामुळे बाकीचे इंजिन मूळ अवस्थेत असताना नुसत्या हेडरने मिळणारी वाढ थोडकीच असते. कॅमशाफ्ट बदललेला असेल आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असण्याचा काळ वाढलेला असेल, तर ओढीच्या लाटेला काम करायला अधिक वेळ मिळतो आणि हेडर आपली किंमत वसूल करतो.

प्रत्यक्ष बसवण्याच्या कामात पहिली झुंज स्टडशी, म्हणजे हेडमध्ये रोवलेल्या आट्यांच्या खिळ्यांशी, होते. अनेक दशके तापून-निवून गंजलेले नट जोराने फिरवले तर नट सुटण्याऐवजी स्टडच पिरगळून तुटतो. आधल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, नट थोडा सैल, थोडा घट्ट असा मागेपुढे फिरवावा आणि तरीही तो हटून बसला तर नटालाच उष्णता द्यावी. माझ्या हातून एकदा एक स्टड हेडच्या पृष्ठभागालगत तुटला होता. त्याच्या बुडख्यावर नवा नट ठेवून तो आतून वेल्ड केला आणि लालबुंद जागा निवल्यावर पाना लावला, तेव्हा तो विनातक्रार फिरून बाहेर आला, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आट्यांतला गंज आधीच मोकळा झाला होता.

यापुढची गोष्ट एमजीबीत सर्वांत नाजूक आहे. इथे इनलेट (कार्ब्युरेटरकडील मिश्रण सिलिंडरकडे नेणारा) आणि एक्झॉस्ट हे दोन्ही मॅनिफोल्ड इंजिनाच्या एकाच बाजूला असून काही स्टड दोघांत सामाईक आहेत. एका जाड, मोठ्या वॉशरची अर्धी कड इनलेटच्या कानावर आणि अर्धी एक्झॉस्टच्या कानावर टेकते, आणि एकच नट दोघांना दाबून धरतो. नव्या हेडरच्या फ्लँजची (हेडला टेकणाऱ्या सपाट पट्टीची) जाडी इनलेटच्या जाडीपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी कमी असली, तरी वॉशर तिरका बसतो, सगळा दाब इनलेटवर जातो आणि हेडर सैल राहतो. पाना मात्र हाताला घट्ट लागतो, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. म्हणून बसवण्यापूर्वी दोन्ही जाड्या व्हर्नियरने मोजाव्यात आणि फरक असेल तर जाड बाजू मशीनवर उतरवून घ्यावी किंवा पायरी काढलेले वॉशर वापरावेत. फ्लँज सपाट आहे की नाही हेही सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) लावून पाहावे, कारण नळ्या वेल्ड करताना फ्लँज वाकलेला असू शकतो. गॅस्केट फ्लँजवर ठेवून पेन्सिलीने भोकांची कड आखली, की कुठे तोंड अरुंद आहे, कुठे गॅस्केट वाटेत डोकावतो आहे, ते लगेच दिसते.

धातूचे प्रसरण हा दुसरा प्रश्न. तापमानाच्या प्रत्येक अंशाला दर दहा लाख भागांमागे स्टेनलेस पोलाद सुमारे १७ भागांनी वाढते, बीड ११ ते १२ भागांनी. ४०० मिलिमीटर लांबीचा स्टेनलेस फ्लँज ३०० अंशांपर्यंत तापला तर जवळजवळ दोन मिलिमीटर लांबतो. त्याच्या मागचे बिडाचे हेड पाण्याने थंड राहत असल्याने ते अर्धा मिलिमीटरही लांबत नाही. हा फरक कुठेतरी जिरायला हवा. म्हणून टोकाची भोके लंबगोल ठेवतात, काही उत्पादक फ्लँज तोंडांच्या मध्ये कापून सुटा करतात, आणि नट नेहमी मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने आवळतात. हेडरच्या खालच्या टोकाला गिअरबॉक्सजवळ आधार देणेही तितकेच आवश्यक आहे; मागच्या सगळ्या नळीचा भार पातळ वेल्डवर लटकत राहिला तर तडा जाणारच.

सांधा गळका राहिला तर काय बिघडते, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा ओढीच्या लाटेपाशी येते. फट म्हणजे वायू बाहेर जाण्याची जागा, असे आपल्याला वाटते आणि दाबाच्या लाटेच्या वेळी तसे घडतेही. थंड इंजिन सुरू केल्यावर येणारी आणि धातू तापून फट मिटली की थांबणारी टिकटिक, गॅस्केटच्या कडेवर उमटलेला काजळीचा बारीक पंखा, ही त्याचीच चिन्हे. परंतु ओढीची लाट आली की त्याच फटीतून बाहेरची हवा आत शोषली जाते. हवा आत आली की ओढ तितकी दुबळी होते, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर एक्झॉस्टमध्ये फटफट आवाज होऊ लागतात. ज्या नंतरच्या स्पोर्ट्स कारमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो तिथे तर फसवणूकच होते : फटीतून आलेला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे असा संगणकाचा समज होतो आणि तो गरज नसताना पेट्रोल वाढवतो. हा सेन्सर सुमारे ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही, म्हणून हेडरमध्ये तो मूळ जागेपासून फार खाली गेला तर थंड पडण्याचा धोकाही असतो. गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारे उपकरण) असेल तर तो काढावा लागणारा हेडर निवडूच नये. अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि त्यातून निघणारा धूर श्वासात जातो तो सगळ्यांच्याच.

एमजीबीत संगणक नाही, तिथे हे काम माणसाला करावे लागते. एसयू कार्ब्युरेटरमधला पिस्टन हवेच्या ओढीनुसार वरखाली होतो आणि त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट कमीजास्त उघडते. हेडरमुळे सिलिंडर वेगळ्या रीतीने भरू लागले की तीच सुई काही वेगांवर अपुरी पडू शकते. मग सुई बदलावी लागते. शिवाय पातळ नळ्या जाड बिडापेक्षा भोवताली जास्त उष्णता फेकतात आणि त्यांच्या डोक्यावरच कार्ब्युरेटर असल्याने गाडी थांबवल्यावर फ्लोट चेंबरमधले (कार्ब्युरेटरला जोडलेल्या छोट्या साठ्यातले) पेट्रोल उकळू लागते. मूळची उष्णतारोधक ढाल परत बसवलीच पाहिजे. नळ्यांवर कापडी पट्टी गुंडाळण्यापेक्षा सिरॅमिक लेप मला पसंत आहे, कारण पट्टीत ओल धरून साध्या पोलादाची नळी आतल्या आत गंजते.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवून रात्रभर निवू दिल्यानंतर सगळे नट पुन्हा तपासायचे असतात. गॅस्केट दबून बसलेला असतो, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापावर लावलेला टॉर्क पाना मधल्या नटांवर खट्‌ असा आवाज करण्यापूर्वी थोडा सरकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करावे. ज्या दिवशी एकही नट हलत नाही आणि थंड इंजिन सुरू करताना टिकटिक ऐकू येत नाही, त्या दिवशी मिश्रण बरोबर आहे का हे कळण्यासाठी स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहण्याच्या कामाला लागावे.