बँकेचा मालक ऑस्ट्रेलियात, मग आपले पैसे कुठे?

टॅक्स रिटर्न भरायला आमच्याकडे येणारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. न्यूझीलंडमधल्या चार मोठ्या बँका, म्हणजे एएनझेड, एएसबी, बीएनझेड आणि वेस्टपॅक, चारही ऑस्ट्रेलियन मालकीच्या आहेत. बीएनझेडचंच बघा, १८६१ ला सुरू झाली, १८९४ ला अडचणीत आली तेव्हा सरकारने सावरली, १९४५ ला सरकारी झाली आणि १९९२ ला नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेने विकत घेतली. पण कंपनीची नोंदणी इथलीच आहे, तिला नियम इथल्या रिझर्व्ह बँकेचे लागतात, मालकाकडे जातो तो नफ्यातला डिव्हिडंड, तुमची ठेव नाही.

ठेवीसाठी खरं बघायचं ते वेगळंच. १ जुलै २०२५ पासून, बँक बुडाली तर ठेवींना संरक्षण आलंय, एका माणसाला एका बँकेत १ लाख डॉलरपर्यंत. समजा घरासाठी जमवलेले १,६०,००० डॉलर एकाच बँकेत एकाच्याच नावावर आहेत, तर वरचे ६०,००० उघडे पडले, आणि सेव्हिंग वेगळं टर्म डिपॉझिट वेगळं असं धरत नाहीत, सगळं मिळूनच मोजतात. दोन बँकांत विभागा किंवा नवरा-बायकोचं जॉइंट खातं करा, त्यात प्रत्येकाचा वाटा वेगळा धरतात. किवीसेव्हर, म्हणजे इथली निवृत्तीसाठीची बचत योजना, यात येत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

धंदेवाल्यांना एकच सांगणं, जीएसटीचे १५ टक्के आले की लगेच वेगळ्या खात्यात टाका, ते पैसे आपले नव्हेत.

आता डेअरीवाले, म्हणजे दुधासाठी गायी पाळणारे शेतकरी. तुमचं गणित पगारदारासारखं नसतं हे आम्हाला कळतं. सीझन १ जूनला सुरू होतो पण तेव्हा गायी आटलेल्या, दूध नाही, मग जुलै-ऑगस्टला वासरं, चारा, डॉक्टरचं बिल सगळं एकदम अंगावर येतं, आणि दूध घातलं तरी पैसे पुढच्या महिन्यात, तेही आधी ॲडव्हान्स म्हणून, बाकीचे हप्ते सीझन संपल्यावरही येत राहतात. म्हणून इथल्या वसंतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, ओव्हरड्राफ्ट (खात्यात नसताना बँकेकडून उचललेले पैसे) सगळ्यात खोल जातो. लिमिट भरल्यावर फोन करू नका हो, मे महिन्यातच महिनावार बजेट घेऊन बँकेच्या ॲग्री मॅनेजरला, म्हणजे शेतीकर्ज बघणाऱ्याला, भेटा, आधी सांगणाऱ्याचं ऐकून घेतात असा आमचा अनुभव आहे.

आणि हप्ते थकलेच तर घाबरून कुठल्याही कागदावर सही करू नका. २०१९ च्या फार्म डेट मेडिएशन कायद्याप्रमाणे जमीन-जनावरांवर हात टाकण्याआधी बँकेला मध्यस्थीची ऑफर द्यावीच लागते, आणि ती तुम्ही स्वतःहूनही मागू शकता. बँकेचं पत्र आलं की तसंच्या तसं आमच्याकडे घेऊन या, सोबत दूध कंपनीची मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंट आणा.