सीमॉस क्लिअर करायचं की बायोस प्रोग्रॅमरने टाकायचा?

पॉवर बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळीच. मदत मागितली की दोन सल्ले हमखास येतात. एक जण म्हणतो मदरबोर्डवरचा बटण सेल काढून परत लाव, म्हणजे सीमॉस क्लिअर कर, दुसरा म्हणतो प्रोग्रॅमर (चिपवर लिहायचं छोटं यंत्र) आणून बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, नव्याने टाक. ऐकणाऱ्याला वाटतं हे एकाच दुखण्यावरचे सौम्य आणि कडक असे दोन डोस आहेत. प्रत्यक्षात पहिला उपाय सेटिंग पुसतो आणि दुसरा अख्खा प्रोग्राम बदलतो. दोन्ही गोष्टी बोर्डावर मुळात दोन वेगळ्या जागी होत्या.

आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप होती. तिच्यात ६४ बाइट मेमरी, त्यातले १४ घड्याळासाठी आणि उरलेले ५० सेटिंग वगैरेंसाठी. या मेमरीलाच सीमॉस म्हणतात. वीज गेली की ती कोरी होते, म्हणून जोडीला बॅटरी. आज हे सगळं चिपसेटच्या पोटात गेलंय, पण ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल बोर्डावर अजून दिसतो. तो काढला किंवा सीमॉसचा जंपर (बोर्डावरच्या पिना) काही सेकंद शॉर्ट केला की ती सेटिंग जातात आणि मशीन फॅक्टरी सेटिंगवर येतं. बस, एवढंच.

बायोसचा प्रोग्राम मात्र फ्लॅश चिपमध्ये असतो. ही बहुतेक वेळा आठ पायांची छोटी चिप असते, विनबॉन्ड, मॅक्रोनिक्स किंवा गीगाडिव्हाइसची. तिला बॅटरी लागत नाही. सेल महिनाभर काढून ठेवलात तरी तिच्यातला एक बिटही हलणार नाही. अपडेट अर्धवट असताना वीज गेली आणि प्रोग्राम मोडका राहिला, तर सेल काढून काय होणार?

लक्षणांवरून बरंच कळतं. तारीख मागे जाते, सुरू होताना चेकसमची (डेटा बिघडलाय का हे तपासणाऱ्या बेरजेची) तक्रार येते, किंवा रॅमचा वेग वाढवल्यावर मशीन उठेनासं झालं, तर सीमॉसकडे बघा. अपडेटच्या मधोमध बंद पडलं आणि तेव्हापासून डिस्प्लेच नाही, तर फ्लॅशकडे.

आता खरी गुंतागुंत. यूईएफआयच्या (बायोसच्या नव्या पिढीच्या) मशीनमध्ये बरीचशी सेटिंग सीमॉसमध्ये नसतातच. ती फ्लॅश चिपच्याच एका भागात, व्हेरिएबल म्हणून लिहिली जातात. त्यामुळे पुष्कळ लॅपटॉपवर सेल काढूनही बायोसचा पासवर्ड जात नाही. २०१३ साली सॅमसंगच्या काही लॅपटॉपमध्ये हा व्हेरिएबलचा भाग जास्त भरला की मशीन सुरूच होत नसे. बायोसच्या कोडला धक्काही लागलेला नसायचा, तरी ते बायोस उडाल्यासारखंच दिसायचं. २०१७ च्या डिसेंबरमधला प्रकार याच्या उलट. उबंटू १७.१० या लिनक्सच्या कर्नलमधल्या (गाभ्यातल्या), फ्लॅश चिपशी बोलणाऱ्या इंटेल एसपीआय ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या काही लॅपटॉपवर बायोसमधली सेटिंग सेव्ह होईनात, इतकं की डाउनलोड मागे घ्यावं लागलं. सेटिंग टिकत नाहीत म्हटल्यावर कुणालाही आधी सेलचाच संशय येणार, पण दोष फ्लॅशच्या बाजूला होता.

म्हणून माझा क्रम असा: सीमॉस क्लिअर आधी करायचं, कारण त्यात गमावण्यासारखं फारसं नसतं. बोर्डावर पेनड्राइव्हमधून बायोस भरायचं फ्लॅशबॅक बटण असेल तर नंतर ते. त्यानेही जमलं नाही तरच प्रोग्रॅमर आणि चिपच्या पायांना चिमट्यासारखी धरणारी त्याची क्लिप हातात घ्यायची.

क्लिप लावण्याआधी चिपवरचा नंबर भिंगातून वाचा. डब्ल्यू२५क्यू१२८ मधला १२८ हा आकडा मेगाबिटचा, म्हणजे १६ मेगाबाइट. त्याच्या पुढची अक्षरं जास्त महत्त्वाची. विनबॉन्डच्या नंबरात एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू दिसलं तर चिप १.८ व्होल्टची आहे आणि मध्ये अडॅप्टर हवाच. सीएच३४१ए चा स्वस्त काळा प्रोग्रॅमर सगळे घेतात, पण त्याच्या बऱ्याच बोर्डांवर चिपला वीज ३.३ व्होल्टची जाते आणि डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. कित्येक चिपा ते सोसतात, म्हणून कुणी बोलत नाही. मला हे पटत नाही. मल्टीमीटर लावून बघा आणि ५ व्होल्ट असतील तर तो बोर्ड दुरुस्त करून किंवा बदलूनच पुढे जा.

लॅपटॉपचा चार्जर आणि मोठी बॅटरी काढा. चिपच्या कोपऱ्यातला ठिपका म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल तार त्याच बाजूला. आता आधी वाचायचं, लिहायचं नाही. फ्लॅशरॉमसारख्या सॉफ्टवेअरने चिप ओळखली तर उत्तम. नाहीच ओळखली, किंवा वाचलेल्या फाइलमध्ये नुसते एफएफ किंवा नुसते शून्य आले, तर चिप मेली असं लगेच धरू नका. क्लिप नीट बसलेली नसते, नाहीतर प्रोग्रॅमरची वीज चिपमधून पुढे बोर्डात झिरपते आणि व्होल्टेज पडतं. अशा वेळी चिप हॉट एअरने उतरवून वाचणं हा खात्रीचा मार्ग. काही चिपांना बाहेर आलेले पायच नसतात, त्यांना क्लिप धरत नाही.

चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइलींचे चेकसम जुळतात का पाहा. जुळले नाहीत तर संपर्क कच्चा आहे, आणि त्या संपर्कावर लिहिणं म्हणजे नवी बिघाडी. जुळले की ती फाइल जपून ठेवा, खराब असली तरी. मशीनचा सिरियल नंबर, विंडोजची किल्ली, इंटेलच्या मशीनमध्ये नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता हे सगळं साधारणपणे याच चिपमध्ये असतं. सीमॉस क्लिअर याला हात लावत नाही, प्रोग्रॅमर मात्र सगळं सरसकट पुसतो. दोन्हींत सर्वांत महागात पडणारा फरक हाच.

कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल जशीच्या तशी चिपवर चढत नाही. १६ मेगाबाइटच्या चिपला बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची फाइल लागते. उतरवलेल्या फाइलीच्या डोक्यावर कधी जादा हेडर (फाइलीची माहिती देणारा सुरुवातीचा तुकडा) असतं, कधी तिच्यात फक्त बायोसचा भाग असतो. मग हेडर छाटायचं, किंवा तो भाग आपल्याच बॅकअपमध्ये योग्य जागी बसवायचा. याचा कंटाळा करून दुसऱ्याच्या लॅपटॉपचा डंप (चिपमधून वाचलेली फाइल) टाकला तर मशीन सुरू होईलही, पण सिरियल नंबर त्या लॅपटॉपचा येईल आणि इंटेलचा मॅनेजमेंट इंजिनचा (चिपसेटमधल्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचा) भाग बिनसू शकतो.

आधी चिप पुसायची, मग लिहायचं, मग पडताळायचं. पुसणं गाळता येत नाही, कारण फ्लॅशमध्ये लिहिताना एकाचा शून्य होतो, शून्याचा एक फक्त पुसल्यावरच होतो. पडताळणी पास झाली की क्लिप काढा आणि आता सीमॉसही क्लिअर करा, कारण जुनी सेटिंग नव्या प्रोग्रामला मानवतीलच असं नाही. पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी नव्याने होते, तेव्हा स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तरी बटण दाबू नका. सुरू झाल्यावर तारीख लावा आणि मशीन अर्धा तास तरी तसंच चालू ठेवा. मॅनेजमेंट इंजिन बिघडलेलं असेल तर इंटेलची बरीच जुनी मशीन बरोबर ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतात.